अण्णांच्या जुन्या बत्तीसनंतर: ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर, वर्षभर कमरेला

गेल्या सात वर्षांत मी अण्णांची रिव्हॉल्व्हर साधारण चार हजार दोनशे वेळा उघडली. माणसावर एकदाही झाडली नाही, आणि ती वेळ कधी येऊही नये. हिशेब सरळ आहे. सकाळी पंपावर निघताना भरायची, रात्री घरी आल्यावर रिकामी करायची, वर्षाचे तीनशे दिवस. नवी घ्यायची ठरली तेव्हा जो तो मला पल्ला सांगत होता, वजन सांगत होता, पॉलिश दाखवत होता. दमून घरी आलेल्या बाईनं रात्री साडेदहाला ती रिकामी कशी करायची, हे एकानंही सांगितलं नाही. म्हणून लिहायला बसले.

आमचा पेट्रोल पंप लातूर-नांदेड रस्त्यावर, चाकूर आणि शिरूर ताजबंदच्या मधे. फोनवर पैसे देणारे वाढले हे खरं, पण सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की ट्रॅक्टर, हार्वेस्टर, मळणीयंत्रं रांगेनं डिझेलला उभी राहतात आणि गल्ला नोटांनी भरतो. बँक दुपारी बंद होते, पंप रात्री. मधला भरणा घरी न्यावाच लागतो. १९९८ साली एका रात्री अण्णांच्या गाडीपुढे दोन मोटारसायकली आडव्या घातल्या गेल्या. त्यानंतर त्यांनी परवाना काढला आणि वरून मोडणारी, म्हणजे नळी खाली झुकवून मधे उघडणारी, बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हर घेतली. २०१७ साली त्यांना सत्तर पूर्ण झाली. २०१६ च्या शस्त्र नियमांत सत्तरी झालेल्या किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलेल्या परवानाधारकाला आपल्या वारसाचं नाव सुचवता येतं. अण्णांनी दोन्ही भावांना सोडून माझं नाव दिलं. पंपही मीच चालवत होते.

शस्त्र माझ्या नावावर चढलं त्या रात्री अण्णांनी समोर पितळेची वाटी ठेवली आणि म्हणाले, “माय, चालवायला कुणीबी शिकवील. मी तुला रिकामी करायला शिकवतो.” वरून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची रीत अशी: अंगठ्यानं कडी दाबायची, नळी खाली झुकवायची, की सिलिंडरच्या मागची चांदणी आपोआप वर उठते आणि सहाच्या सहा काडतुसं एकदम बाहेर पडतात. तोंड जमिनीकडे, खाली वाटी. पडलेली मोजायची, सहा रिकाम्या भोकांतून उजेड बघायचा, करंगळी फिरवायची, मग काडतुसं एका कप्प्यात आणि शस्त्र लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात. वाटीत काडतुसं पडली की अण्णा ओसरीवरून विचारायचे, “किती?” मी म्हणायची, “सहा.” तोवर जेवायचं ताट पुढे यायचं नाही.

२०२४ साली दोनदा शस्त्र जमा करावं लागलं, लोकसभेला आणि विधानसभेला. निवडणुकीत कुणी शस्त्र जमा करायचं हे ठरवणाऱ्या छाननी समितीनं ज्यांची नावं काढली त्यांत माझंही होतं. पहिल्या वेळी परत आणल्यावर उघडताना बिजागरीला किंचित लचक जाणवली. माहीतगार कारागिराला दाखवली. त्यानं बंद रिव्हॉल्व्हर उजेडाकडे धरून कडीच्या फटीत कागदाची पट्टी सरकवली. पट्टी आत गेली. सव्वीस वर्षांची उघडझाप, दोष कुणाचाच नव्हता. ‘अजून चालंल, पण मी चालवणार नाही,’ एवढंच तो म्हणाला, आणि ते मला पटलं. सगळ्या चौकटीची ताकद त्या एका कडीवर असते.

आपल्याकडे निवड फार मोठी नाही. नऊ मिलिमीटर किंवा अडतीस बोअर ही प्रतिबंधित शस्त्रं, ती साध्या परवान्यावर मिळत नाहीत. त्यामुळे हातात धरायचं शस्त्र म्हटलं की सामान्य माणूस बत्तीसवरच येतो. बत्तीसमध्येही दोन जाती आहेत, आणि घेणारे इथंच गोंधळतात: रिव्हॉल्व्हरचं लांब काडतूस वेगळं, पिस्तुलाचं ७.६५ मिलिमीटरचं वेगळं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस लाँग हे १८९६ सालचं, शांत स्वभावाचं काडतूस आहे. पंचवीस मीटर सेंटर फायरच्या नेमबाजीतही ते वापरतात. हाताला फार झटका देत नाही.

भाच्याचा आग्रह पिस्तुलाचा होता. ‘अशनी’ चपटं आहे, कमरेला दिसत नाही, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या खोक्यात, आठ गोळ्या. दिसायला देखणं, हे मीही मान्य करते. पण माझी कसोटी रात्री साडेदहाची. कुठल्याही पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी नळीच्या मागच्या टोकाशी चढलेली एक गोळी आतच राहते. ती काढायला स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून बघावं लागतं, आणि क्रमही चुकवून चालत नाही: आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलटं केलं तर मॅगझिनमधली पुढची गोळी वर चढते. रोज सराव असणाऱ्याला ते जमतं. माझ्या हातांना सात वर्षं एकच गोष्ट माहीत होती, की उघडलं म्हणजे सगळं बाहेर आलं. ‘मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं’ अशी एक रात्र माझ्याकडूनही येऊ शकते, आणि घरात सहा वर्षांची नात आहे. पिस्तूल तिथंच बाद झालं.

राहिल्या रिव्हॉल्व्हर. ‘निर्भीक’ कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आणली. दिल्लीतल्या ‘निर्भया’ची आठवण नावात ठेवून, बायकांसाठी म्हणून. टायटॅनियमच्या मिश्रधातूची, वजन अवघं पाचशे ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये, आणि द्यायची पद्धत दागिन्यासारख्या मरून पेटीत. ती वरून मोडणारीच आहे, म्हणजे माझ्या हातांच्या सवयीची. संडील्याची वेब्लीही त्याच घराण्यातली. मूळ कंपनी बर्मिंगहॅमची, आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात कारखाना. विक्रेत्यानं निर्भीक हातात दिली तेव्हा बोटांनी आपसूक कडी शोधली. पाच मिनिटं मला वाटलं, झालं, हीच.

मग दोन गोष्टी मनात आल्या. पहिली, हलकेपण. बाईला हलकं शस्त्र द्यावं, ही कल्पना बाळगण्यापुरती बरोबर आहे. पण तेच काडतूस, तेवढीच दारू, आणि शस्त्र हलकं, म्हणजे उरलेला धक्का मुठीला. वजन हे ओझं असतं तसा आधारही असतो. विळा हलका असला की मनगट दुखतं, हे सुगीतल्या कुठल्याही बाईला विचारा. दुसरी गोष्ट कडीची. माझ्या वाट्याला एक ढिली झालेली कडी आली होती. मी आता पन्नाशीत आहे. हे शस्त्र पुढे मुलीच्या नावावर जाईल. वीस-पंचवीस वर्षांनी तिनं पुन्हा कागदाची पट्टी सरकवत बसावं, असं मला वाटेना.

‘प्रबल’ वेगळी इथंच पडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये जुनं आयुध निर्माणी मंडळ बंद होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतली एक, कानपूरची अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट, हिनं ऑगस्ट २०२३ मध्ये ही रिव्हॉल्व्हर आणली. सिलिंडर बाजूला निघणारी, देशात बनलेली पहिली, अशी तिची ओळख. चौकट अखंड, मधे मोडत नाही. खिट्टी सरकवून सिलिंडर बोटांनी बाजूला ढकलायचं. वजन रिकामं असताना ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सात इंच. गोळ्या सहाच. जाहिरातीत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत पल्ला असतो, पन्नास मीटर, आधीच्या रिव्हॉल्व्हरच्या दुप्पट.

त्या पन्नास मीटरवर मी ही घेतली नाही, आणि कुणी घेऊही नये. पन्नास मीटर म्हणजे आमच्या पंपाच्या ऑफिसपासून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत. तिथं उभा असलेला माणूस माझ्या जिवाला या क्षणी काय करू शकतो? स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्याची सगळी उभारणी ‘धोका अगदी समोर आहे’ यावर आहे. पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हक्क राहतच नाही. गरजेपेक्षा जास्त इजा केली तर संपतो. शस्त्र बाळगणाऱ्यानं जाहिरातीआधी ती अकरा कलमं वाचावीत.

निवड करण्याआधी मी एक काम केलं, आणि ते सगळ्यांना सांगते. गावातल्या सुताराकडून कडुनिंबाचे दोन ठोकळे घडवून घेतले, मापानं. किराणा दुकानाच्या काट्यावर शिशाचे तुकडे भरून एक पाचशे ग्रॅमचा केला, दुसरा पावणेसातशेचा. एकेक आठवडा एकेक ठोकळा कमरेला बांधून हिंडले: गाडीत बसणं, टाकीत गज टाकून डिझेल मोजणं, वाकणं, जिना चढणं, नातीला उचलणं. पहिल्या दोन दिवसांत पावणेदोनशे ग्रॅमचा फरक कळला. पाचव्या दिवशी कळेनासा झाला. त्रास वजनाचा नव्हता, ठोकळ्याच्या फुगीर पोटाचा होता, कारण सिलिंडरची जाडी गाडीच्या सीटवर बरगडीखाली टोचत होती. ठोकळे होते म्हणून हे घेण्याआधी समजलं. त्याच ठोकळ्यावर गावातल्या चर्मकार काकांनी म्हशीच्या जाड कातड्याचं म्यान शिवलं, बरगडीपासून चार बोटं मागे बसणारं, वरून पट्टीनं बंद होणारं, चापाची जागा पूर्ण झाकणारं. पर्समध्ये ठेवायचा सल्ला मला अनेक बायकांनी दिला. पर्स हीच तर पहिल्यांदा हिसकली जाते.

खरेदीची वाट लांब आहे, पण अवघड नाही. जुनी विक्रेत्याकडे देऊन परवान्यावरून तिची नोंद कमी केली, नवी घेऊन पोलीस ठाण्यात आणि कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत दाखवली, नंबर चढवून घेतला. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला दोन शस्त्रांची मुभा आहे, परवानाही तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. जुनी ठेवा, असं दोघंतिघं म्हणाले. मी ठेवली नाही. दोन वेगळ्या रीतीनं उघडणारी शस्त्रं एकाच हाताला द्यायची नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये घेतली तेव्हा जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर तो ४० टक्के झाला आहे, हे आता घेणाऱ्यांनी हिशेबात धरावं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. पहिल्या आठवड्यात माझे हात चुकले. सिलिंडर बाजूला काढलं आणि जुन्या सवयीनं तोंड जमिनीकडे केलं. मग काडतुसं बाहेर ढकलणारा पुढचा दांडा दाबला. पाच काडतुसं वर आली आणि पुन्हा मागे सरकली. एक चांदणीच्या खाली घसरून तिरकं बसलं. सिलिंडर ना बंद होईना, ना पुढे जाईना. हा या रिव्हॉल्व्हरचा दोष नाही, बाजूला उघडणाऱ्या प्रत्येक रिव्हॉल्व्हरचा स्वभाव आहे. तिचं तोंड उघडल्यावर वर, आभाळाकडे करायचं असतं. मग दांडा एकदाच, ठामपणे, तळव्यानं दाबायचा. वरून मोडणारीला जमीन, बाजूनं उघडणारीला आभाळ. सात वर्षं एक दिशा हातात बसली होती, ती उलटी करायला मला पंचेचाळीस दिवस लागले. तोवर भरलेली रिव्हॉल्व्हर मी घराबाहेर नेली नाही. कपाटासमोर बसून, सरावाच्या खोट्या काडतुसांवर, रोज पन्नास वेळा उघडझाप. बंद करताना सिनेमात दाखवतात तसा मनगटाला झटका देऊन सिलिंडर आत फेकायचं नाही. त्यानं सिलिंडर ज्यावर बाजूला फिरतं तो आधार वाकतो आणि पुढे सगळीच जुळणी बिघडते. दुसऱ्या हातानं दाबून, टक्कन आवाज येईपर्यंत.

सवय झाल्यावर मात्र या रीतीचा एक फायदा दिसला जो जुनीत नव्हता. सिलिंडर बाहेर काढलं की काडतुसं जागेवरच राहतात. काही न सांडता नुसतं बघता येतं, भरली आहे की नाही, सहा आहेत की पाच. जुनीत बघायचं म्हणजे ओतायचंच. ठाण्यात दाखवताना हवालदारांच्या टेबलावर काडतुसं घरंगळायची, ती मी तेव्हा गोळा करत बसायची.

संभाजीनगरला एका रायफल क्लबच्या रेंजवर चार वेळा गेले. घोडा आधी मागे ओढून चाप दाबला तर बोट लावताच सुटते. घोडा न ओढता दाबायचा तर चापाचा प्रवास लांब असतो, आणि रिव्हॉल्व्हरला वेगळी सुरक्षा कळ नसल्यामुळे तो लांब प्रवास हीच तिची सुरक्षा. मी लांबच्या प्रवासाचाच सराव केला. पहिल्या वेळी दहा मीटरवर सहा गोळ्या परातीएवढ्या जागेत विखुरल्या होत्या; चौथ्या वेळी ताटलीएवढ्या जागेत आल्या. धक्का जुनीपेक्षा वेगळा जाणवला नाही. मूठ माझ्या हाताला भरते, करंगळी बाहेर राहत नाही. ज्यांचा हात मोठा आहे त्यांनी स्वतः धरून बघावं.

कमरेला काय आहे हे पंपावरच्या पोरांनाही माहीत नसावं, असा माझा प्रयत्न असतो. नियमही तेच सांगतो: म्यानात, झाकून. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात लग्नात बार काढणारे, कमरेचं शस्त्र दाखवत व्हिडिओ टाकणारे किती तरी झाले. २०२५ मध्ये तिथं परवान्यांची फेरतपासणी होऊन कितीतरी परवाने रद्द झाले, आणि मला ते बरं वाटलं. हौसेचा बार काढला तर आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो बार वर जातो आणि कुणाच्या तरी अंगणात खाली येतो.

आणि शस्त्र जमा होतं ते आठवडे मी भरणा आणायचं थांबवलं नव्हतं. वेळ बदलली, रस्ता बदलला, सोबतीला एक माणूस घेतला, रक्कम दोन भागांत केली. शस्त्र परत आल्यावरही ते तसंच चालू आहे.

जुनी विक्रेत्याकडे दिली त्या दिवशी अण्णा गाडीत बसून सोबत आले होते. आत यायला नको म्हणाले. मी बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, “रिकामी करून दिलीस ना?” नवी त्यांनी अजून हातात घेतलेली नाही. “परवाना तुझ्या नावावर, हातबी तुझाच,” म्हणतात. आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. पूर्वी सहा काडतुसं वाटीत एकदम पडायची, एकच मोठा आवाज व्हायचा आणि त्यांना विचारावं लागायचं. आता तोंड वर करून दांडा दाबण्याआधी मी काडतुसं बोटांनी एकेक काढून वाटीत टाकते, मगच दांडा दाबून भोकं बघते. ओसरीवरून ते विचारत नाहीत. सहावा आवाज झाला की सुनेला हाक मारतात, “वाढ गं आता.”